दाराबाहेरची बहीण

“त्या घराच्या अंगणात विहीर होती,” झरीफा म्हणाली. “पाणी मीच काढायचे. लिहिलंत?”

“लिहिलं.”

मोसुलच्या सलोखा समितीत नजला मदत मागायला येणाऱ्यांच्या जबान्या लिहून घ्यायची. आधी वीस वर्षं तिनं जमिनीच्या कागदांच्या नकला केल्या होत्या. अक्षर सुबक, म्हणून समितीचे पाद्री, अबूना बुत्रोस यांनी तिला बोलावून घेतलं. परदेशी निधीतून यझिदींची, ख्रिस्त्यांची पाडलेली घरं उभी राहत होती; तिन्ही धर्मांची माणसं एका सतरंजीवर बसून बोलत होती. नजला मुसलमान. समोर येणारी यझिदी बाई आधी तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघे, मग तोंड उघडे.

झरीफा मात्र आल्यापासून खाली बघून बोलत होती. दाएशवाल्यांनी, म्हणजे आयसिसच्या माणसांनी, यझिदींच्या सिंजारमधून उचलून नेली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

“अरबी चांगली बोलता,” नजला म्हणाली.

“तिथंच शिकले. भिंतीआडून ऐकून ऐकून.”

“त्या माणसाचं नाव?”

“अबू हफ्स म्हणायचे. तिथं नाव कुणाचंच खरं नव्हतं. डावा हात मनगटापर्यंत भाजलेला. म्हणायचा, लहानपणी तंदुरीत पडलो.”

नजलाचं पेन थांबलं. तिचा भाऊ सरमद चार वर्षांचा असताना तंदुरीत पडला, तेव्हा त्याला बाहेर ओढणारी तीच होती. बाजारात आज त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. लढाई संपल्यावर ‘माझ्या भावाचा त्या लोकांशी संबंध नव्हता’ असं तिनं स्वतः लिहून दिलं होतं, आणि तसं मानूनच ती जगत होती.

“पुढं सांगा,” ती म्हणाली.

“शुक्रवारी त्याची बहीण यायची. डोलमा घेऊन. मला त्यातल्या भात-मटणाचा वास यायचा. मला कोंडलेली खोली अंगणापासून तीन पावलांवर. एका शुक्रवारी मी हिय्या केला आणि आतून कडी वाजवली. म्हटलं, बाईमाणूस आहे, विचारेल तरी. तिनं विचारलंही, आत कोण आहे रे? तो म्हणाला, बोकड बांधलाय. ती हसली. म्हणाली, ईदपर्यंत चांगला पोस.”

खोलीत पंखा फिरत होता. नजलाला तो शुक्रवार आठवला. बोकड कडी वाजवत नाही, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. ती ताटली ठेवून घाईघाईनं निघाली होती आणि पुन्हा त्या घरी गेली नव्हती.

“ती परत आली नाही,” झरीफा म्हणाली. “त्या रात्री त्यानं माझी बोटं मोडली.”

तिनं हात टेबलावर ठेवला. दोन बोटं वाकडी होती.

नजलानं कागद जवळ ओढला आणि लिहिलं: अबू हफ्स म्हणजे सरमद युनिस. दुकानाचा पत्ता लिहिला. खाली लिहिलं: बहीण, नजला युनिस, हीच लिहिणारी. मग झरीफाकडे न बघताच म्हणाली, “ती मीच.”

“माहीत आहे. दारात ‘या, बसा’ म्हणालीस तेव्हाच आवाज ओळखला. बघत होते, लिहितेस की गिळतेस.”

“मला माफ...”

“माफीचं राहू दे. मला वाचता येत नाही. सगळं वाचून दाखव. मोठ्यानं.”

नजला वाचू लागली. बोकडापाशी ती अडली. पुढचा शब्द झरीफानं पुरवला नाही. नजलाला तो स्वतःच उच्चारावा लागला.

अबूना आत आले. कागद वाचला, दोनदा वाचला. “मदतीसाठीच्या जबानीत खरी नावं, पत्ते घालत नाहीत, नजला. हे कोर्टात जाईल. तुझ्या आईला काय सांगशील?”

“आई तेव्हा त्याच्याच घरात राहत होती, अबूना,” नजला म्हणाली.

ते खुर्चीचा हात धरून बसले.

झरीफानं अंगठा उठवला. नजलानं शाई पुसायला स्वतःचा हातरुमाल पुढं केला. झरीफानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, डोक्यावरच्या पांढऱ्या शुभ्र ओढणीचं टोक ओढून त्यालाच अंगठा पुसला, आणि निळा डाग तसाच खांद्यावर घेऊन ती जिना उतरून गेली.