पाठमोरं बोलणं

"तुमची नात माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहते," शाळेतली बाई म्हणाली.

"मग काय तुमच्या पायांकडे बघायचं तिने?" मी म्हटलं. "मोठं माणूस बोलत असताना तोंडाकडे बघावं, हे मी शिकवलंय तिला. जी पोरं खिडकीबाहेर बघत बसतात, त्यांच्या आज्यांना बोलवा की."

बाईने माझ्या सुनेकडे बघितलं. माझ्यापुढे डाळ शिजत नाही असं दिसलं की लोक सुनेकडे बघतात. ती बाकावर अंग चोरून बसली होती आणि आमच्या दोघींच्या मधे भिंगरी. खरं नाव शाळेच्या हजेरीत. एका जागी ठरत नाही म्हणून मी ठेवलेलं नाव भिंगरी. वय वर्षं सात.

"तसं नाही आजी," बाई म्हणाली. "मी फळ्याकडे वळले की हिला काही कळत नाही. मागून हाक मारली तर ओ देत नाही. आणि बोलते तेव्हा एवढी ओरडते की शेजारच्या वर्गातून निरोप येतो. हिचे कान तपासून घ्या."

"आमच्या घरात बहिरं कोणी नाही. आणि मी तुमची आजी नाही."

हे मी जरा मोठ्याने म्हटलं असावं, कारण शिपाई दारातून डोकावून गेला.

आमच्या घराला खाली कारखाना आणि वर दोन खोल्या. पत्र्याच्या पेट्या करतो आम्ही. लग्न होऊन आले तेव्हा मला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं आणि हातोडी धरता येत नव्हती. वर्षभरात हे लोकांना सांगायला लागले, कड दुमडावी तर हिनेच. हे गेले तेव्हा धाकटा रांगत होता. मी रडत बसले नाही, ऐरणीवर बसले. तेव्हापासून या घरात माझा शब्द शेवटचा.

दिवसभर तीन हातोड्या पत्र्यावर पडतात. तिथे कुजबुजणाऱ्याचं काम नाही. बोलायचं तर समोर यायचं, घसा ताणायचा, हातवारे करायचे. कोणाला बोलवायचं तर जमिनीवर हातोडी आपटायची, पायाला बरोबर कळतं. आणि मी मान हलवली की समोरच्याने पत्रा उचलायचा. आधी नाही, नंतर नाही. बोटं शाबूत ठेवायची तर एवढं पाळावंच लागतं. भिंगरी चार वर्षांची असल्यापासून माझ्या मानेकडे लक्ष ठेवून असायची.

सून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. माहेरी म्हणे जेवताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. आमच्याकडे पहिल्याच दिवशी कानात कापूस घालून खाली आली. मी सगळ्यांदेखत काढायला लावला.

भिंगरी झाली तेव्हा म्हणाली, "आई, बाळाला दिवसा माझ्या माहेरी ठेवते. मागच्याच गल्लीत तर आहे."

"माझी दोन पोरं या ऐरणीशेजारी वाढली. तुझ्या लेकीला काय सोन्याचे कान लावलेत?"

झाकण न बसवलेली एक मोठी पेटी होती. तिच्यात चादरी अंथरून मी पोरीला तिथेच निजवलं. तिन्ही हातोड्या चालू आणि पोर गाढ झोपेत. आलेल्या गिऱ्हाइकाला मी मुद्दाम दाखवायची, बघा, याला म्हणतात आमच्या घरचं रक्त.

ती दोन वर्षांची झाल्यापासून सुनेचं एकच पालुपद. "आई, हिला ऐकू येत नाही हो." मी मनावर घेतलं नाही. तसंही सुनेशी बोलायला मी कधी काम थांबवलं नाही, एवढी ती कोण लागून गेली? मी ऐरणीवर वाकलेली, पाठ तिच्याकडे आणि तोंडाचा पट्टा चालू. कोयंडा उलटा का लावलास, पाणी कुठे सांडलंस, बापाने घड्याळं शिकवली पण अक्कल शिकवायची राहिली. भिंगरी माझ्या मागे पत्र्यांच्या थप्पीवर बसून पाय हलवत डोलायची. मला वाटायचं, पोर आजीच्या बाजूने आहे.

शाळेतून परत आलो तशी सून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. म्हणाली, "कान तपासायचेच. आणि दोष निघाला तर मी हिला घेऊन माहेरी राहणार. या आवाजात नाही ठेवायची मी तिला."

"आणि नवऱ्याचं काय करणार? पेटीत घालून नेणार?"

"त्यांना यायचं असेल तर येतील."

माझा मुलगा तिथेच होता. पत्र्याची धार अंगठ्याने तपासत बसला. माझ्या हाताखाली वाढलेला तो. दोन बायका भांडत असल्या की हाताला काम शोधायचं, एवढंच शिकला.

तपासणीला गेलो तर बाहेर ही रांग. आत एकच मोठं माणूस चालेल, असं म्हणाले. सून उठायच्या आत मी आत शिरले. काचेची छोटी खोली होती. भिंगरीला तिच्यात बसवून डोक्यावर आवाज ऐकवायचं यंत्र चढवलं. तपासणारी मुलगी काचेच्या अलीकडे बटणं दाबत होती आणि मी तिच्या पाठीशी उभी.

"शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा हं बाळा," मुलगी म्हणाली. मग मला म्हणाली, "आजी, हिच्यानंतर तुमचेही बघू का? मघाशी तीन हाका मारल्या तुम्हाला."

"माझे कान माझ्या जिभेइतकेच धड आहेत. तू तुझं काम कर."

तिने बटण दाबलं की तिच्या पुढ्यातल्या यंत्रावर एक पिवळा दिवा लागायचा. पहिला दिवा लागला. भिंगरीचा हात मांडीवरच. दुसरा लागला, तरी तसाच. ती घाबरलेली नव्हती. माझ्याकडे बघत नुसती वाट बघत होती, रोज पत्रा धरून बघते तशी.

तेव्हा मला कळलं. आत्तापर्यंत कळलंच नव्हतं असं म्हणायची सोय त्या क्षणी संपली. डोळ्यांपुढे रिकामी थप्पी आली, तिच्यावर पाय हलवणारं कोणी नाही.

तिसरा दिवा लागला आणि मी मान हलवली.

भिंगरीने झटकन हात वर केला. पुढचा दिवा, पुढची मान, पुढचा हात. तपासणारी मुलगी खाली बघून कागदावर खुणा करत होती. तिला बाहेरची रांग उरकायची होती. शेवटी म्हणाली, "छान आहेत कान."

कागद मी बाहेर येऊन सुनेच्या मांडीवर टाकला. "घे. वाच. पाच वर्षं माझ्या नातीला बहिरी म्हणत होतीस." सुनेने तो दोनदा वाचला. मग घडी घालून ठेवून दिला आणि त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. मी जिंकले.

त्या वर्षी भिंगरीला शेवटच्या बाकावर बसवलं. कान चांगले असून ऐकत नाही, म्हणजे मुद्दाम करते असं ठरलं. प्रगतिपुस्तकावर लाल शाईने आलं, 'लक्ष देत नाही, उद्धट आहे.' पोरी तिच्या मागे उभ्या राहून काहीबाही बोलायच्या आणि ती वळली की गप्प व्हायच्या. हे मी एकदा फाटकातून डोळ्यांनी बघितलं. घरी येऊन सुनेवर ओरडले, मुलीला वळण लावता येत नाही म्हणून. दुसऱ्या कोणावर ओरडणार?

वर्षाने शाळेनेच पुन्हा तपासणीला पाठवलं. आता सगळे गेलो, मुलगाही. या वेळी तपासणारा वयस्कर होता. त्याने भिंगरीला भिंतीकडे तोंड करून बसवलं. माझ्या मानेला कामच उरलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने दोन कागद शेजारी ठेवले, गेल्या वर्षीचा आणि आजचा. "एका वर्षात इतका फरक?" तो म्हणाला. "हिचं बरंच ऐकणं पहिल्यापासून गेलेलं असणार. आवाजानेही भर पडली असेल, तेवढं आता वेगळं काढून सांगता येत नाही. पण गेल्या वर्षी ही पास कशी झाली?"

सून भिंगरीच्या पुढ्यात बसली. तिची हनुवटी धरून हळू बोलली, "तेव्हा कशी गं ऐकलीस शिट्टी?"

"शिट्टी कुठे?" भिंगरी तिच्या नेहमीच्या आवाजात ओरडली. अख्ख्या दालनाने ऐकलं. "आजी मान हलवायची ना! मी एकदाही चुकले नाही!"

आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघायला लागली.

सुनेने माझ्याकडे बघितलं नाही. मुलाने बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्याने हाताला काम शोधलं नाही.

ती तिघं घड्याळवाल्याकडे राहायला गेली. मुलगा कामाला येतो आणि पत्र्यापुरतं बोलतो. भिंगरीला कानाची मशीन बसवली, त्याच दिवशी सून तिला घेऊन उरलेले कपडे न्यायला आली. हातोड्या थांबलेल्या होत्या. मी ऐरणीवर वाकलेली. मान वर न करता म्हटलं, "आलात? न्या. काही ठेवू नका. घर फोडायलाच आली होतीस तू. माझी नात तोडलीस, माझा मुलगा बैल करून नेलास..."

पाठीवर हात पडला. वळले तर भिंगरी. तिचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"आजी, हे तू बोलतेस?"

"मग कोण बोलतंय?"

"रोज हेच बोलायचीस?" तिने विचारलं. "माझ्याकडे पाठ करून?"

मी हातोडी खाली ठेवली.

"मला वाटायचं, तू गातेस."

सून गाठोडं घेऊन जिन्यात उभी होती. ती हसली असती तर मी तिला पुरून उरले असते. ती हसली नाही. खाली आली, पोरीचा हात धरला आणि गेली.

तिची माफी मी मागितलेली नाही. मागणारही नाही. पण सगळ्यात पातळ पत्र्याची तळहाताएवढी डबी केली, मशीन ठेवायला. कड तीनदा दुमडली, पोरीचं बोट कापू नये म्हणून. आत मऊ कापड लावलं. झाकण असं बसवलं की लागताना टक्क वाजावं. मुलाच्या हाती पाठवली. परत आली नाही.

आता दर रविवारी भिंगरी येते. थप्पीवर बसते, दोन्ही मशीन काढते, डबीत ठेवते.

"का काढतेस गं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"तू ओरडतेस ना," ती म्हणाली. राग नाही, काही नाही. "हं, आता बोल."

मी ऐरणीवरून उठते, स्टूल ओढून तिच्या समोर बसते आणि तोंड उजेडाकडे करते. आवाज काढत नाही. नुसते ओठ हलवते. तिला सगळं कळतं. सून न्यायला येते तेव्हा दारातच थांबते. मी तिला ये म्हणत नाही, जाही म्हणत नाही.

निघताना भिंगरी मशीन कानात घालते. रिकामी डबी माझ्या कानाशी धरून झाकण लावते.

"वाजलं?" ती विचारते.

मी तिच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवून असते. तो झाकणावर दाबला गेला, की मान हलवते.