बाळंतिणीची शेगडी

नाथाजी हवालदारानं बावीस वर्षं फौजेत काढली, पार लेहच्या पुढं जाऊन आला, पण स्वतःच्या घरातल्या मागच्या खोलीचा उंबरा ओलांडायची त्याची टाप नव्हती. तिथं त्याची लेक क्रांती बाळंतीण होती. सासर माधवनगरचं, नवरा तिथल्या गिरणीत. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं ती कोरेगावजवळच्या या गावात आली आणि चौऱ्याण्णवच्या कडाक्याच्या पौषात तिला मुलगी झाली. दहा दिवस बाप्यानं आत जायचं नाही. आत राज्य होतं नाथाजीची बायको राहीबाई आणि गावची सुईण हरणाबाई या दोघींचं.

हरणाबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. सत्तरी उलटलेली, आणि निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे सरपंचालासुद्धा ती अरेतुरे करायची. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हा तिचा पहिला कायदा. बाजेखाली लोखंडी शेगडी, तिच्यात कोळशाचा लालबुंद विस्तव. खिडकीला पोतं, दाराच्या फटीला चिंध्या, कौलांखाली खताच्या प्लास्टिक पोत्यांचं छत शिवून ताणलेलं. मुंगीला आत यायचं झालं तरी तिनं आधी हरणाबाईला विचारावं, असा बंदोबस्त.

तिसऱ्या दिवशी क्रांतीचं डोकं ठणकायला लागलं. हरणाबाई म्हणाली, वारं लागलं. राहीबाईनं आणखी एक फट बुजवली. चौथ्या दिवशी क्रांतीला मळमळायला लागलं, उभी राहिली की घेरी यायची. पुन्हा वारंच! दोघींनी बत्ती घेऊन भिंती धुंडाळल्या, बाहेरच्या भिंतीला तळाशी उंदराचं बीळ सापडलं, तेही शेणमातीनं लिंपलं आणि शेगडीत दोन ओंजळी कोळसा जास्त घातला. दुखणं वाढेल तशी खोली बंद होत गेली आणि खोली बंद होईल तसं दुखणं वाढत गेलं.

पाचव्या दिवशी दुपारी राहीबाई ओसरीवर आली ती तोंड पाडूनच.

"पोर अंगावर पीत न्हाई. नुसती झोपतीया. क्रांती बी बोलताना अडखळाय लागलीया."

"आत धूर हाय का?" नाथाजीनं विचारलं.

"छ्या! कोळसा अंगणात फुलवून मग आत न्हेतोय. धूर कशाचा?"

ते ऐकून नाथाजीला फौजेतली एक रात्र आठवली. लेहच्या पुढच्या चौकीतही धूर नव्हता. तिथं बुखारी होती, म्हणजे पत्र्याची बंद शेगडी. भिंतीला हवेसाठी एक भोक ठेवलं होतं आणि त्यातून हाडं गोठवणारा वारा यायचा. एका संध्याकाळी कुणीतरी त्यात पोतं कोंबलं. सकाळी नाथाजी गुरासारखा ओकत उठला, पण शेजारच्या खाटेवरचा जतचा ज्योतिबा उठलाच नाही. ते पोतं कुणी कोंबलं, हे नाथाजीनं आजवर घरात सांगितलं नव्हतं.

"शेगडी भाईर काढ!" तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता!"

राहीबाई दारात आडवी झाली. "आवं, आज पाचवी हाय. वली बाळंतीण गारठून मरंल!"

आतून हरणाबाई गरजली, "बाप्यानं उंबरा वलांडला, तर ह्या घरात पुन्यांदा पानी पिनार न्हाई मी!"

बायकांशी भांडायला वेळ लागतो, कौल काढायला लागत नाही. नाथाजीनं विळा कमरेला खोचला, शिडी लावली आणि तो छपरावर चढला. आढ्याजवळची चार कौलं उचलली, खालचं प्लास्टिक विळ्यानं टराटरा फाडलं. भोकातून आलेला उबट भपका त्याच्या तोंडावर बसला आणि खाली थेट बाजेवर ऊन पडलं.

"हवालदारा, लेकीला मारतोस व्हय रं?" खालून हरणाबाईचा आवाज आला.

"आक्का, आज सटवाई येनार न्हवं, पोरीच्या कपाळावर लिवाय?"

"येनार की!"

"कुटनं येनार? उंदराचं बीळ सुदीक लिपलंया तुमी. देवी दारातनं माघारी गेली, तर पोरीचं नशीब कोन लिवनार? तुमी?"

उभ्या जन्मात हरणाबाईला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

नाथाजीनं मग घोडं पुढं दामटलं. "शेगडीला बी वाट लागती, आक्का. ताजी हवा खालनं आत, खराब झालेली वरनं भाईर. न्हाईतर कोळशाचं इख खोलीत साठतंय. त्याला धूर न्हाई, वास न्हाई, आन मानूस झोपेतच जातंय. माजा मैतर ज्योतिबा तसाच गेला. हवेच्या भोकात पोतं मीच कोंबलं हुतं."

हरणाबाई काही बोलायच्या आत राहीबाई हलली. नवऱ्याचा असा चिरकलेला आवाज तिनं संसारात कधी ऐकला नव्हता. तिनं पदर हाताला गुंडाळला, बाजेखालची शेगडी ओढली आणि तरातरा अंगणात नेऊन ठेवली. परत येऊन दार सताड उघडलं, खिडकीचं पोतं ओढून काढलं, उंदराचं बीळ पहारीनं मोकळं केलं. मग दोन गोधड्यांत गुंडाळून लेकीला आणि नातीला तिनं उघड्या दाराशी आणून बसवलं.

नाथाजी छपरावरून उतरला नाही. गुडघ्यांत मान घालून तो तिथंच बसला. आयुष्यात इतका तो कधी घाबरला नव्हता. दिवस कलायला लागला, तेव्हा खालून आधी कुरकुर आली आणि मग पोरीनं असा काही टाहो फोडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"पितीया!" राहीबाई ओरडली. "आवं, पितीया!"

नाथाजीनं छपरावर उभं राहून, फौजेत ठाणं जिंकल्यावर ठोकतात तशी आरोळी ठोकली. गल्ली गोळा झाली. हवालदाराला नात झाल्याचं आज कळलं का काय, असं लोक एकमेकांना विचारत होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोडेतेलाचे डबे कापून पत्र्याची छत्री आणि नळी केली आणि नळी कौलातून बाहेर काढली. खालच्या भोकाला उंदरासाठी जाळी ठोकली. आतली कामं राहीबाईनं केली आणि ऐटीत केली. शेगडी बाजेखालून निघून कोपऱ्यात, छत्रीखाली गेली. क्रांतीचं डोकं दुखायचं थांबलं, तिला सपाटून भूक लागायला लागली.

हरणाबाई तीन दिवस फिरकली नाही. चौथ्या दिवशी सकाळी आली. नळी बघितली, खालच्या जाळीपुढं हात धरला, आत येणारं गार वारं बोटांना लागू दिलं. मग बाहेर येऊन ओसरीवर बसली.

"नाथा, माज्या हातनं तीन पोरं गेली रं. आप्पासोची थोरली, बनाबाईचे दोन ल्योक. वारं लागलं म्हून मीच सांगितलं. फटी बी मीच बुजवल्या."

"मला ठावं हाय, आक्का, कसं वाटतंय ते," नाथाजी म्हणाला.

म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, नाक शिंकरलं आणि ती उठली.

"वरच्या आळीच्या गुंडाची सून परवा बाळंत झाली. तिची खोली मीच लिपून आलीया. चल."

"मी? बाप्याला कोन आत घील, आक्का?"

"म्या घीन. कोन आडवं येतंय, त्येच बघती."

भर सकाळी गावानं बघितलं. पुढं पहार घेतलेली हरणाबाई, मागं शिडी खांद्यावर घेतलेला हवालदार. गुंडाच्या दारात बायका आडव्या झाल्या, तर तिनं एकेकीला नाव घेऊन बाजूला केलं. त्यांतल्या तिघी तिच्याच हातावर जन्मलेल्या. बाळंतीण बाजेसकट दारात आली, शेगडी अंगणात गेली. मग हरणाबाईनं नाथाजीचा हात धरून त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं आणि स्वतःच लिंपलेल्या भिंतीवर पहारीचा पहिला घाव घातला.