परत येतंय का, ते बघू

"ताई, बॅकअप घेतलात ना? मग चढवा की यादी!" साहेब दारातूनच ओरडले.

"घेतलाय. पण तो परत येतोय का, ते बघते आधी."

झालं! दवाखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत ताईंचा हा हट्ट ठरलेला. नवीन माहिती चढवायची म्हटलं की आधी सगळ्या पेशंटांच्या नोंदींची प्रत काढायची आणि कोपऱ्यातल्या खटारा मशीनवर ती उघडून बघायची. "गाठोडं बांधलं म्हणजे आत कपडे असतीलच असं नाही," म्हणायच्या. साहेब म्हणायचे, ही बाई दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकते!

त्या दिवशी तर घाईच घाई. शेजारच्या दवाखान्याची यादी आपल्यात घालायची होती आणि दुपारी मोठे डॉक्टर बघायला येणार. ताईंनी प्रत तपासली, मगच यादी चढवली. मशीनने एकही चूक दाखवली नाही. साहेब खूश!

ताईंनी मात्र आपल्या सासूबाईंचं नाव टाकून बघितलं. सासूबाई दोन्ही दवाखान्यांत जायच्या, पेनिसिलिनने एकदा मरता मरता वाचलेल्या. आणि स्क्रीनवर काय? 'कुठल्याही औषधाचा त्रास नाही.'

ताईंनी शेजारच्यांची मूळ यादी उघडली. तिकडे कुणीतरी यादीतली नुसती नावं अ-आ-इच्या क्रमाने लावली होती, नावांपुढचा औषधांच्या त्रासाचा रकाना होता तसाच. आणि तेच आपल्या जुन्या नोंदींवर चढलेलं. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात!

ताईंनी आधी फोन उचलला. "सिस्टर, स्क्रीन बघून कुणालाच इंजेक्शन देऊ नका. माणसाला विचारा, जुना कागद बघा." मग साहेबांकडे वळल्या. "सगळं मागे नेते. सकाळी होतं तसं."

"अहो, मोठे डॉक्टर यायचेत! चुकलेलं तेवढं दुरुस्त करा ना!"

"चुकलेलं कुठलं, ते सांगता तुम्ही?"

"न्या मग मागे!"

सकाळची प्रत परत आली, अगदी जशीच्या तशी. सासूबाईंच्या नावापुढे लाल अक्षरांत पेनिसिलिन. ताईंनी सिस्टरना 'आता स्क्रीन बघा' असा फोन केला आणि मगच त्या घोटभर पाणी प्यायल्या.

मोठे डॉक्टर आले. "काहीच झालेलं नाही की!" म्हणाले.

"मीच थांबवलं," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर साहेबांनी स्टूल ओढलं. प्रत काढल्यानंतरच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, त्या कागदांवरून पुन्हा भरायच्या होत्या. "मी वाचतो, तुम्ही टाका. हं, मुलगी. आज सकाळची. नाव अजून ठेवलेलं नाही."

"वजन?"

"अडीच किलो."

ताईंनी टाकलं. "रडली का लगेच?"

साहेबांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. "लगेच."