बंद खाणीतला हादरा

शिरपूरजवळच्या एका गावात सुंदरबाईंच्या नव्या घराच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा त्यांचा संशय थेट नवलवर गेला. त्याची दगडखाण शेतापलीकडेच होती. तीन दिवस भांडी खडखडत होती आणि नवल म्हणायचा, सुरुंग लावलाच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी त्याला रंगेहाथ पकडायला सुंदरबाई खाणीवर गेल्या. नवल एकटाच जेवत बसला होता.

"अक्का, खाण बंद शे. बठ्ठा मजूर घर गयात."

"मंग सुरुंग कोठे दपाडा?" म्हणत त्या लपवलेला सुरुंग शोधायला शेडमध्ये डोकावल्या. तेवढ्यात जमीन गुरगुरली, पत्रे थरथरले. दोघं एकमेकांना धरून उभी राहिली.

घरी सून ज्योती, शाळेत भूगोल शिकवणारी, म्हणाली, "आई, आपला सगळा भूभाग उत्तरेकडे सरकतोय. त्याचा ताण जमिनीखालच्या जुन्या भेगांवर येतो. भेग सरकली की हादरा बसतो."

"मंग शेजारची जुनी घरं कशी उभी शेतस?" सुंदरबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच नवलला भिंत बघायला बोलावलं. त्यानं तडा उकरून पाहिला. कोपऱ्यात भिंती बांधून धरणारी एकही लोखंडी सळई नव्हती.

सुंदरबाईंनी चपला घातल्या आणि त्या हे घर बांधणाऱ्या गवंड्याकडे निघाल्या.