सत्तावीस बंकर

रविवार, दिनांक ९ डिसेंबर २००७. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. नऊ वाजता पहिला सामना सुरू व्हायचा होता, आणि मैदानावरच्या सत्तावीस बंकरांपैकी एकातही हवा भरलेली नव्हती.

बंकर म्हणजे जाड प्लास्टिकचे फुगवायचे अडोसे. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे, आणि एक लांबलचक, जमिनीलगत पसरणारा. त्याला सगळे ‘साप’ म्हणत. खर्डी स्टेशनपासून शहापूरच्या बाजूला चार किलोमीटरवर मोहिले साहेबांचे रिसॉर्ट होते. तिथे पेंटबॉलची दोन मैदाने होती. एक मागच्या सागाच्या जंगलात, झाडे आणि दगड यांच्या आडून खेळण्याचे. दुसरे सपाट, कॅरमच्या पटासारखे, दोन्ही बाजूंना सारखेच बंकर मांडलेले. खेळ दोन्हीकडे एकच: हवेच्या दाबावर चालणारी गन, तिच्यातून सुटणारी रंगाची गोळी, आणि गोळी अंगावर फुटली की खेळाडू बाद. पण पहिल्या मैदानाला पाटीवर ‘जंगल विभाग’ लिहिले होते आणि दुसऱ्याला ‘आधुनिक विभाग’.

आरती घडी घातलेल्या सापावर मांडी घालून बसली होती. हवा भरायचा ब्लोअर तिच्या शेजारी होता आणि त्याची वायर तिने मनगटाला गुंडाळून घेतली होती. एकवीस वर्षांची ही मुलगी दोन वर्षांपासून इथे कामाला होती. बंकर फुगवणे, खुंट्या ठोकणे, पाहुण्यांचे मास्क धुणे, ही तिची कामे. आज तिने त्यातले एकही केले नव्हते, आणि करणारही नव्हती.

कारण ऑफिसच्या दारावर लावलेली यादी. आधुनिक विभागात आठ संघ होते: ठाणे, पुणे, नाशिक, मुंबईचे पाच. त्यांत ‘खर्डी पाच’ नव्हता. फॉर्म तिने स्वतः भरला होता, ‘आधुनिक’ या शब्दाखाली दोन रेघाही मारल्या होत्या. यादीच्या दुसऱ्या पानावर, जंगल विभागात, चौथ्या क्रमांकावर तिला पाच नावे सापडली: आरती, मंगेश, हनुमान, रविना, जाणू. वर संघाचे नाव होते ‘वनवीर’. व्हरांड्यात एका टोपलीत पळसाच्या पानांचे पाच मुकुट करून ठेवले होते, फोटोसाठी.

हे सगळे तिने सहन केले असते की नाही, सांगता येत नाही. पण यादीतले अक्षर तिच्या ओळखीचे होते. सरळ, उभट, ड्रॉइंगच्या कागदावर शोभावे असे. ते भगीरथ मास्तरांचे होते.

भगीरथ मास्तर मूळचे धसईजवळच्या एका पाड्यावरचे. पाड्यावरून आयटीआय पास झालेले ते पहिले. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एकोणतीस वर्षे लेथवर काम करून निवृत्त झाले आणि इथे गना दुरुस्त करायला आले. संध्याकाळी पाहुणे गेले की साडेपाच ते साडेसहा हा तास त्यांनी या पाच आदिवासी पोरांना दिला होता. एप्रिलपासून आठ महिने.

सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना जंगलातच नेले. तिथला खेळ सबुरीचा. वाळल्या पानांवर पाय न वाजवता बसायचे, अर्धा-अर्धा तास हलायचे नाही, समोरच्याने घाई करेपर्यंत गोळी सोडायची नाही. आरतीला ते कधी जमले नाही. ती दहाव्या मिनिटाला उठायची आणि बाद व्हायची. हनुमानचे तर विचारूच नका. तो पाड्यावरचा खरा, पण गेली नऊ वर्षे खर्डी स्टेशनाबाहेर रिक्षा चालवत होता. झुडपात बसला की डास मारण्याचा आवाज सगळ्या रानाला ऐकू जाई.

“आरं, तू जंगलचा राजा ना रे?” रविना त्याला चिडवायची.

“राजा हाय, पन राजाला मच्छरदानी नाय,” तो म्हणायचा.

सपाट मैदानावर मात्र आरती वेगळीच होती. आईबापांबरोबर वीटभट्टीवर वाढलेली मुलगी ती. भट्टीवर रांगेत लावलेल्या कच्च्या विटांमधून डोक्यावर ओझे घेऊन पळताना कुठे वळायचे, किती पावलांत पोचायचे, हे पायांना कळावे लागते. इथले बंकर ती रोज सकाळी स्वतः मांडायची. सापाच्या शेपटापासून मधल्या उभ्या खांबापर्यंत अकरा पावले, खांबापासून कोपऱ्यातल्या ठेंगण्या बंकरापर्यंत, डबीपर्यंत, सात. मास्तरांनी तिला एकच गोष्ट शिकवली, आणि ती तिने पकडली: माणसावर नेम धरू नकोस, तो जिथून गेल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही त्या फटीवर धर. शिट्टी वाजल्यापासून पहिले पाच सेकंद त्या फटीत गोळ्यांची रांग सोडत राहायचे. तो धावत येतो आणि स्वतःच रांगेत शिरतो. बाकी सगळे ओरडणे आहे: कोण कुठे, कुणाचा गोळ्यांचा डबा रिकामा, कुणाचे डोके खाली गेले. ते खाली गेले की निघायचे.

गोळ्या मात्र त्यांना टाकाऊच मिळत. पाहुण्यांच्या डब्यांत उरलेल्या, दमट हवेने फुगलेल्या, मऊ पडलेल्या. मास्तरांनी लेथवर पितळेची एक कडी कातून आणली होती, सतरा पूर्णांक तीन मिलिमीटरची. तिच्यातून गेली ती गोळी घ्यायची, अडकली ती फेकायची. पण कडीतून जाणाऱ्याही बहुतेक गोळ्या अंगावर फुटत नसत; टप्पा खाऊन पडत. मग कोण बाद, कोण नाही, हे ठरायचे कसे? पाचांनी आपसात ठरवले: लागली की बाद. फुटो न फुटो, हात वर करायचा आणि बाहेर जायचे. आठ महिने हे चालले. भांडण एकदाही झाले नाही.

मोहिले साहेब आठला दहा कमी असताना आले. पांढरी टोपी, हातात माइक. आडवे पडलेले मैदान पाहून ते आधी हसले.

“आरती, हे काय गं? पाहुणे नाश्ता करताहेत.”

तिने यादीचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला नाही. समजावणीच्या सुरात ते बराच वेळ बोलले. आधुनिक विभागातले संघ इलेक्ट्रॉनिक गना घेऊन आले आहेत, एका सेकंदात बारा गोळ्या सुटतात, तुमची नाचक्की होईल. जंगलात तुम्हाला कोण हरवणार? पाहुण्यांनाही तेच बघायचे आहे. छान फोटो येतील.

“साहेब, माझं जंगल कुठलं?” आरती म्हणाली. “आमची वस्ती खर्डीच्या हायवेला हाय. माजा बाप विटा पाडतो. तुमी मला पाल्याचा मुकुट कशापायी घालताय?”

साहेबांनी तिचा नाद सोडला आणि मास्तरांना हाक मारली. मास्तर वर्कशॉपमधून हात पुसत आले. ब्लोअर सुरू करा, असे त्यांना सांगण्यात आले. मास्तरांनी आरतीच्या मनगटावरची वायर पाहिली आणि ते जागचे हलले नाहीत.

“यादी तुमी लिवली,” आरती म्हणाली.

“मी लिहिली.”

“फॉर्म बघितला व्हता?”

“बघितला होता.” मास्तर एकेक शब्द मोजून बोलत. “साहेबांनी जंगल म्हटलं, मी जंगल लिहिलं. तिथं तुम्ही जिंकाल असं मला वाटलं. इथं पहिल्याच फेरीत जाल. तुमच्या भल्याचंच होतं, पोरी.”

“आमाला इचारलं का नाय?”

एकोणतीस वर्षे दुसऱ्यांनी आखलेल्या रकान्यात मास्तरांनी आपले नाव लिहिले होते. तो रकाना आपला आहे का, हे विचारायची सवयच त्यांना नव्हती. आरतीला ते माहीत होते. माहीत असूनही तिचा राग कमी झाला नाही. उलट वाढला. साहेबांवर ती रागावली होती ती परक्यावर रागावावे तशी. मास्तरांवर, घरच्यावर रागावावे तशी.

“तुमी मला फट शिकवली,” ती म्हणाली, “आन् तुमीच बुजवली.”

सव्वाआठ झाले. मंगेश, हनुमान, रविना आणि जाणू येऊन आरतीच्या मागे प्लास्टिकवर बसले. मैदान उभे करायला पाचांनाही चाळीस मिनिटे लागत. खुंट्या कुठे, दोर किती ताणायचा, हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते. साहेबांनी घड्याळ पाहिले, मग नाश्त्याच्या मंडपाकडे पाहिले, आणि मग आवाज चढवून अट घातली: ठीक आहे, खेळा, पण आधी पात्रता सामना, आणि तो ठाण्याच्या संघाशी. गेल्या वर्षीचे विजेते. तीन डाव. जो जिंकेल तो आठांत राहील. ठाण्याच्या मुलांना हा चेष्टेचा प्रकार वाटला आणि त्यांनी हसत मान डोलावली.

आरतीने मनगटाची वायर सोडवली.

पहिला डाव बावन्न सेकंदांत संपला. मधल्या खांबावर झेंडा होता. तो काढून समोरच्यांच्या सुरुवातीच्या जागी, म्हणजे त्यांच्या ‘दारात’, नेऊन टाकला की डाव जिंकला. शिट्टी वाजताच मंगेश उजवीकडे धावला. एक गोळी त्याच्या कमरेला लागून उडाली. तो थांबला, हात वर केला आणि मैदानाबाहेर गेला. हनुमानच्या दंडाला एक लागली. त्यानेही हात वर केला. दोघांच्याही कपड्यांवर रंगाचा ठिपका नव्हता. तिघांविरुद्ध पाच, आणि ते तिघेही टिकले नाहीत. ठाण्याचे गडी चालत येऊन झेंडा घेऊन गेले.

मास्तर बाहेर दोराजवळ उभे होते. त्यांनी दोघांचे कपडे पुढून-मागून तपासले.

“ही माझी चूक,” ते म्हणाले. “नियम मी सांगितला होता, पण सवय चुकीची पडू दिली. आज गोळ्या ताज्या आहेत. फुटली तर बाद. नाही फुटली तर खेळायचं. पंचाने सांगितल्याशिवाय हात वर जाता कामा नये.”

कुणी त्यांच्याकडे पाहिले नाही. मंगेश शिव्या देत होता, नेमक्या कुणाला ते त्यालाही कळत नव्हते. आठ महिने प्रामाणिकपणे बाद होत राहिल्याचे हे फळ, आणि तेही दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या गोळ्यांमुळे. मास्तरांनी कडीतून पारखलेल्या गोळ्यांचा डबा आरतीपुढे धरला. तिने तो घेतला.

दुसऱ्या डावात तिने माणसांकडे पाहिलेच नाही. सापाचे शेपूट आणि मधला खांब यांतली फट धरली आणि शिट्टीबरोबर रांग सोडली. तिची गन साधी होती, बोट दाबू तेवढीच गोळी. पण ती न थांबता दाबत राहिली. ठाण्याचा पहिला गडी त्या रांगेत शिरला, त्याच्यामागे दुसरा. दोघांच्या छातीवर पिवळा रंग. उरलेल्या तिघांना रविना आणि जाणू यांनी कोपऱ्यात दाबून धरले. तीन मिनिटे चाळीस सेकंदांनी मंगेश झेंडा घेऊन पळाला. मंडपातले हसणे थांबले होते.

तिसऱ्या डावात चार मिनिटे झाली तेव्हा इकडे आरती आणि रविना उरल्या होत्या, तिकडे कप्तान आणि एक. कप्तान मधल्या खांबामागे होता.

“कप्तान माझ्याकडं बगतोय. जा गो,” रविना ओरडली.

आरती सापाच्या शेपटापासून निघाली. सातव्या पावलाला डाव्या मांडीवर फटका बसला. चांगले कळवळून जावे असा. तिचा डावा हात आपोआप उठला, कोपरापर्यंत आला, खांद्यापर्यंत आला. डोक्याच्या वर गेला असता तर सगळे संपले असते. तिला तो हात आपला वाटेना. कुणीतरी बाहेरून धरून वर ओढत असावे तसा तो चालला होता. तिने दात आवळले, मूठ वळली आणि तो हात गनेच्या खाली असा आपटला की बोटांची साल निघाली. मांडीकडे पाहायला ती थांबली नाही. उरलेली चार पावले टाकून ती खांबाला वळसा घालून गेली. कप्तानाची पाठ तिच्यासमोर होती. तीन गोळ्या. तिन्ही फुटल्या.

“तिला आधी लागली होती,” कप्तान मास्क वर करून ओरडला. “मी बघितली, मांडीला लागली.”

ठाण्याच्या उरलेल्या गड्याला रविनाने डोके वर काढू दिले नव्हते. आरतीने झेंडा उपटला, दारात नेऊन टाकला आणि मग पंचासमोर येऊन मांडी पुढे केली. पंच मोहिले साहेबांच्याच माणसांपैकी होते. त्यांनी कापडावरून तळवा फिरवला, उलटून पाहिला. तळवा कोरडा होता. त्यांनी पुन्हा फिरवला.

“लागली,” आरती म्हणाली. “फुटली नाय.”

ठाण्याचे नाव यादीतून खोडावे लागले. साहेबांनी माइक घेतला आणि कौतुकाच्या आवाजात सांगितले की आज आपल्या या जंगलच्या लेकरांनी कमाल केली. आरती मैदान ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बोटांतून रक्त येत होते.

“साहेब, खर्डी म्हना,” ती म्हणाली. “खर्डी पाच. फॉर्मवर लिवलंय.”

साहेब म्हणाले. माइकवरच म्हणाले, कारण माइक बंद करायला त्यांना वेळ मिळाला नाही.

त्यानंतर दुपारी एकच्या आत खर्डी पाचने नाशिकला हरवले. उपान्त्य सामन्यात पुण्याने त्यांचे दोन्ही डाव धुऊन काढले. तिसऱ्या क्रमांकाचा सामना मुंबईच्या एका संघाकडे गेला, एक विरुद्ध दोन. जंगल विभागातला ‘वनवीर’चा सामना कुणी खेळला नाही. मास्तरांनी संध्याकाळी निकालाचा तक्ता लिहिला, आणि प्रत्येक नाव लिहिण्याआधी त्यांनी आरतीला वाचून दाखवले. तिने प्रत्येक वेळी फक्त मान डोलावली. चौथ्या क्रमांकापाशी ते थांबून काही म्हणणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पेन पुढे चालवले.

आधुनिक विभाग. एकूण संघ आठ. खर्डी पाच: क्रमांक ४.