कथेच्या कप्प्यातलं कार्ड

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं आणि उरलेलं निम्मं तपासून घ्यावं, असं माझी बायको पाहुण्यांना दारातच बजावायची. चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. एकदा एक लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबायचं विसरली, गच्ची फोडून वर गेली आणि पलीकडच्या इमारतीत अलगद उतरली. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की त्या इमारतीचा वॉचमन आता डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. मी सांगत असताना बायको शेजारी भाजी निवडत बसायची आणि बोटाने टेबलावर टकटक करायची. एकदा टकटक म्हणजे लहान थाप. दोनदा म्हणजे मोठी. तीनदा तिने एकदाच केलं, मी तिच्या आईला ‘मला स्वयंपाक येतो’ म्हणालो होतो तेव्हा.

ती ग्रंथालयात कॅटलॉगची कार्डं लावायची. नवं पुस्तक आलं की चाळायचं, कार्ड लिहायचं, कुठल्या कप्प्यात जातं ते ठरवायचं. एकतीस वर्षं हेच. ‘चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक म्हणजे हरवल्यातच जमा,’ असं म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गल्ली, मग शेजारीण. डॉक्टर म्हणाले, हे असंच उतरत जाणार. मी म्हटलं, मधे एखादा मजला लागेल की नाही? त्यांनी पुढच्या भेटीची तारीख लिहून दिली.

आमची मुलगी चिंगी. वय वर्षं अडतीस, पण चिंगीच. तिचं ऑफिस बंद पडलं, तेव्हा वेबसाइट बनवायच्या क्लासला जाऊ लागली. आठवड्यातच तिने आईसाठी टॅबलेटवर वेबसाइट केली. आपली माणसं कोण, औषधं कधी, चाव्या कुठे, जुनी गाणी, सत्तर फोटो. सगळं एकाच पानावर कोंबलेलं. आई त्यात शिरली आणि तिला बाहेर यायची वाट सापडेना. शेवटी टॅबलेट पालथा घालून म्हणाली, “मला घरी जायचंय.” घरातच बसली होती, स्वतःच्या खुर्चीत.

क्लासच्या सरांनी चिंगीला झाडलं. “आधी बांधायला कोणी सांगितलं? तीन आठवडे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. कागद, पेन्सिल आणि जिच्यासाठी करायचं ती बाई, बस्स.”

मला हा माणूस आवडला. खड्डा न मोजता लिफ्ट मागवणारे मी पुष्कळ पाहिलेत. एकाची इतकी मोठी आली की त्याने तिच्यात भाडेकरू ठेवला. (एकदा टकटक.)

तर चिंगीने चाळीस कार्डं केली. एका कार्डावर एकच गोष्ट: औषधाची डबी, मावशी, चपला, दवाखाना, माझ्या दोन-चार गाजलेल्या थापा. “आई ही कार्डं आपल्या मनाने गटात लावेल. जसे गट, तशी वेबसाइटची पानं. आपण बोलायचं नाही, सुचवायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. बाबा, हे तुमच्यासाठी आहे.”

“मी कधी मधे बोलतो?”

“हे काय, आत्ताच.”

एका कार्डावर माझा फोटो होता, खाली नाव. ती मला कुठे ठेवते, एवढंच मला बघायचं होतं. दोन-तीन महिने ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हती. विचारायची माझी हिंमत नव्हती. खरं सांगतो, मी त्यासाठी सकाळीच दाढी करून बसलो होतो.

कार्डं हातात आली आणि ती ताठ बसली. गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवल्या, अंगठ्याने एकेक कार्ड सरकवायला लागली. जी बाई सकाळी चमचा कशाला असतो विचारत होती, तिचा हात कुठे अडखळला नाही. चार गठ्ठे झाले. चिंगीने विचारलं, याला काय म्हणायचं? ती म्हणाली, रोजचं. याला? बाहेरचं. हे? घरची माणसं. त्यात चिंगी होती, मावशी होती, तिची वारलेली आई होती. चौथ्याला म्हणाली, कथा. त्यात उडालेली लिफ्ट होती.

माझं कार्ड शेवटी आलं. बराच वेळ पाहिलं तिने. उलटून मागे काही लिहिलंय का तेही बघितलं. मग कथेत घातलं.

ती हात धुवायला आत गेली. मी माझं कार्ड उचलून हळूच घरच्या माणसांत, चिंगी आणि मावशीच्या मधे सारलं.

“बाबा, ही लबाडी आहे.”

“ही दुरुस्ती आहे. जन्मभर तेच केलं.”

ती परत आली. सवयीने गठ्ठ्यांवरून अंगठा फिरवला आणि थांबली. माझं कार्ड ओढून काढलं. “कोणीतरी चुकीच्या जागी ठेवलंय,” ती चिंगीला म्हणाली, रागावून नाही, समजुतीने. “वाचक असेच असतात. काढायचं एकीकडून, ठेवायचं भलतीकडे.” आणि मला कथेत परत घालून कडा जुळवल्या.

चिंगी स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. आली तेव्हा नाक लाल होतं.

“सर म्हणतात, ती जिथे शोधेल तिथेच ठेवायचं,” ती म्हणाली. “पण मी तुमचा मोठा फोटो पहिल्याच पानावर टाकते, बाबा.”

“आणि तिने पुन्हा टॅबलेट पालथा घातला तर? राहू दे. कॅटलॉगवालीने ठरवलंय.”

मग चिंगीने कागदाचीच वेबसाइट केली. पहिल्या कागदावर चार मोठे चौकोन. आई ज्या चौकोनावर बोट ठेवेल, त्याचा कागद चिंगी पुढे सरकवायची. तीन दिवस तपासलं. तिन्ही दिवस आईचं बोट आधी कथेवर गेलं. त्या कागदावर मी होतो.

“हे गृहस्थ कोण?”

“गोष्टी सांगतात,” चिंगी म्हणाली.

“मग सांगू देत की. अहो, सांगा ना.”

आयुष्यभर ती मला अहो म्हणत आली. हे अहो दुकानदाराला म्हणतात ते होतं.

कागद बोलत नाही, म्हणून मी बोललो. गच्ची फोडणारी लिफ्ट सांगितली, माझं सगळं लक्ष तिच्या बोटाकडे. बोट हललं नाही. “अगंबाई!” ती म्हणाली. “आतली माणसं वाचली का हो?” जन्मभर थापा मारल्या, पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला तो पहिल्यांदाच. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये सहा-सहा तास काढलेत मी. इतकं एकटं तिथेही वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी तिला एक खरी गोष्ट सांगितली. ग्रंथालयाची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली. आत पुस्तकांची ढकलगाडी आणि एक मुलगी. बाहेर मेकॅनिक. बिघाड दहा मिनिटांचा होता, पण फटीतून मुलीचा आवाज आला, ‘घाई नाही, माझ्याकडे वाचायला आहे.’ म्हणून मेकॅनिकने दोन तास लावले. मुलीने आतून सगळं वाचून दाखवलं. दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, ‘तुमचं काम दहाव्या मिनिटालाच झालं होतं, मला आवाजावरून कळलं.’ पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

चिंगीने हे कधी ऐकलं नव्हतं. ती कागद हातात धरून उभी राहिली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मान तिरकी केली, पूर्वी करायची तशी. आणि बोटाने टेबलावर टकटक केलं.

एकदा. मग पुन्हा एकदा.

“पकडलंत,” मी म्हटलं.

“मला फसवता?” ती हसली. “बरं, पुढे काय झालं त्यांचं?”

चिंगीने कथेच्या कागदावर पेन्सिलने लिहिलं, ‘लिफ्टची गोष्ट, सगळ्यात वर.’ मी खुर्ची जरा जवळ ओढली आणि पुढचं सांगायला लागलो.