आठपट संशय

मित्रांनो, मी एक जुना आणि जन्मापासूनच संशयी लूप आहे. लूप म्हणजे निगेटिव्ह तपासायचे छोटे भिंग. कारखान्यात माझी काच घासली गेली आणि मी एका फोटो स्टुडिओत, उजेडाच्या पेटीवर येऊन बसलो. खाली निगेटिव्ह, तिच्यावर मी, माझ्यावर मालकांचा डोळा. सगळे आठपट मोठे करून पाहणाऱ्याचा कशावर विश्वास बसणार? माझ्या तपासणीशिवाय मालक "छान आलाय" म्हणत नसत. तेव्हा मी जरा भावही खायचो.

मग डिजिटल कॅमेरा आला. मालकांची लेक त्याने जुन्या निगेटिव्ह टिपून घ्यायची आणि पडद्यावर फोटो दिसला की निगेटिव्ह कात्रीने कापून टोपलीत टाकायची. "बाबा, सहा मेगापिक्सेल आहेत. फिल्मला तेवढे पुरतात म्हणे."

कोण म्हणे? कोणी सहा म्हणे, कोणी वीस. फिल्म कोणती, लेन्स कशी, फोटो काढताना हात हलला होता का, हे कोणीच विचारत नव्हते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण मी खणात, सुकलेल्या पेनांच्या सोबतीला. मला कोण विचारतो!

एकदा एक शिक्षिका निगेटिव्ह घेऊन आली. तीत शिवणकारखान्यातल्या चाळीस बायका होत्या. "मी दोन महिन्यांची असताना आई गेली. तिचा हा एकच फोटो. मागच्या रांगेत आहे, डाव्या भुवईवर व्रण होता, एवढं मावशी सांगायची. आता मावशीही नाही."

लेकीने फोटो टिपून पडद्यावर मोठा केला. मागच्या रांगेत चेहऱ्यांच्या जागी नुसते चौकोन. "व्रण नाहीच हो ताई यात," ती म्हणाली आणि सवयीने कात्री उचलली.

मालकांनी तिचा हात धरला. "थांब गं. आधी लूप काढ."

मी निगेटिव्हवर बसलो. एक चेहरा, दुसरा, तिसरा... निगेटिव्हवर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसते, तशी सातव्याच्या पांढऱ्या दिसणाऱ्या डाव्या भुवईत बारीक काळी रेघ. मला तिचाही संशय आला. ओरखडा तर नसेल? मालकांनी निगेटिव्ह तिरपी धरून पाहिली. ओरखडा नव्हता.

लेक खजील झाली. तिने शेजारच्या स्टुडिओतून चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला, त्यात व्रण स्पष्ट आला. मी कुरकुरत का होईना, मान्य केले. तिने निगेटिव्हचा एकेक भाग टिपून, ते जोडून आणखी मोठा फोटो केला, तर फक्त फिल्मचे कण मोठे झाले, व्रण होता तेवढाच राहिला. म्हणजे या निगेटिव्हला चोवीस पुरले. दुसरीचे आत्ताच विचारू नका, आधी मला पाहू द्या.

शिक्षिका पडद्याजवळ सरकली. "माझ्याहून किती लहान आहे हो आई," ती म्हणाली.

लेक मात्र टोपलीकडे पाहत होती. तीत सकाळपासूनचे तुकडे होते.

मित्रांनो, आकडा कितीही मोठा सांगितला, तरी एकदा डोळा लावून पाहा आणि मगच कात्री उचला. त्या टोपलीत कोणाकोणाची आई होती, ते मला कोणी दाखवलेच नाही.